म्हातारपणी रोज चालल्यानं स्मरणशक्ती सुधारते का?

तुमचे वडील ६८ वर्षांचे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले, हल्ली नावं विसरतात, आणि रंकाळ्यावर फिरायला नेलं तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. मी इथंच कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून सांगतो.

जरूर न्या. फक्त ‘विसरभोळेपणा बरा होईल’ या आशेवर नको. अमेरिकेत १२० वयस्कर लोकांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर आठवड्यातून तीनदा भरभर चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा उलट थोडा आकसला. पण २०१५ मध्ये सोळाशेहून जास्त ज्येष्ठांवरच्या दोन वर्षांच्या चाचणीत व्यायामाचा गट आणि आरोग्याची व्याख्यानं ऐकणारा गट यांच्या बुद्धीत फरकच दिसला नाही. म्हणून हमी कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. तरीही मी व्यायामाच्याच बाजूचा. बीपी, शुगर, झोप, मनाची मरगळ या सगळ्यांचा मेंदूशी संबंध आहे आणि चालण्यानं ती सगळीच सुधारतात.

आपल्याकडं पैलवानकी केलेल्यांचा एक ठरलेला डायलॉग असतो, ‘आम्ही हजार जोर मारलेत, आम्हाला काय होतंय!’ विशीतले जोर आता कामाला येत नाहीत. चालू असतं तेच उपयोगी. अशा एका आजोबांना मी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठाबसायला सांगितलं. आधी हसले. सहाव्याला मांड्या थरथरायला लागल्या, मग मुकाट्यानं रोज करायला लागले.

रंकाळ्यावर कट्ट्यावर बसून राजकारण करणं व्यायामात धरत नाहीत (गप्पाही मेंदूला चांगल्याच, तो भाग वेगळा). चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग हवा. आठवड्याला किमान १५० मिनिटं, शिवाय ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम.

विसरणं अलीकडं वाढलं असेल, ओळखीचा रस्ता चुकत असेल किंवा पैशाच्या हिशेबात गोंधळ होत असेल, तर चालणं सुरू ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. बी-१२, थायरॉईड आणि ऐकू कसं येतंय ते तपासून घ्या. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच बूट घाला.