कोकणातला राजापूर लोकसभा मतदारसंघ आता यादीत का दिसत नाही? तिथून पूर्वी कोण निवडून यायचं?

2008च्या पुनर्रचनेत राजापूर हे नाव गेलं. तो भाग आज रत्नागिरी-सिंधुदुर्गमध्ये येतो.

इतिहास मात्र समाजवाद्यांचा. 1957, 1962 आणि 1967 असे तिन्ही वेळा बॅ. नाथ पै. 1971च्या जानेवारीत ते गेले आणि त्याच वर्षी मधु दंडवते उभे राहिले. ते सलग पाच वेळा जिंकले. त्यातल्या 1971 आणि 1984च्या निवडणुका बघा: देशभर काँग्रेसची लाट, मोठमोठे नेते पडले, पण राजापूरकरांनी आपला प्राध्यापक सोडला नाही. आम्हा नाशिककरांना याचं फार अप्रूप वाटतं, कारण आपल्याकडे खासदार बदलायचीच सवय जास्त. आणि दंडवते फक्त कोकणाचे नव्हते. 1977मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमची गादी घालायला लावली. नाशिकरोडहून रात्रीची गाडी पकडणाऱ्या साध्या माणसाची पाठ त्यामुळे वाचली. माझ्या मते खासदार कसा असावा, तर असा.

1991ला काँग्रेसच्या सुधीर सावंतांनी ही परंपरा मोडली. 1996पासून चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू. नव्या मतदारसंघात 2009ला काँग्रेसचे नीलेश राणे, 2014 आणि 2019ला शिवसेनेचे विनायक राऊत, 2024ला भाजपचे नारायण राणे.