संकट आल्यावरच ख्रिस्ती माणसाचा खरा विश्वास कळतो, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की लेकराच्या आजारपणानंतर तुमच्या बहिणीने चर्चला येणं सोडलं, आणि मंडळीतले लोक म्हणतात की तिचा विश्वास मुळातच वरवरचा होता, संकटाने तो उघडा पाडला. माझं मत आधीच सांगून टाकते. संकटात माणसं कळतात हे खरं, पण ज्याच्यावर संकट आलंय त्याच्यापेक्षा त्याला भेटायला येणारेच जास्त कळतात.

मी जालन्याची. २०१२ साली पावसाने दडी मारली, घाणेवाडीचा तलाव आटला आणि मोसंबीच्या बागा एकामागून एक वाळायला लागल्या. बाग जाणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही. कपाशी गेली तर एक वर्ष जातं. मोसंबीचं झाड धड फळाला यायलाच पाच-सहा वर्षं लागतात, आणि पुढची कितीतरी वर्षं घर त्याच्यावर चालायचं असतं. पोरांची शिक्षणं, पोरींची लग्नं, बँकेचे हप्ते, सगळं त्या हिशोबाने ठरलेलं. झाड एका दिवसात मरतही नाही. आधी पानं वळतात, मग लिंबाएवढी फळं गळून आळ्यात पडतात, मग शेंडे वाळत वाळत खाली येतात. रोज सकाळी जाऊन ते बघायचं.

पप्पांनी आधी टँकर विकत घेतले, बुडाशी पाचट अंथरलं, फांद्या छाटून झाडावरचा भार कमी केला. शेवटी घरामागचा एक बोअर तेवढा उरला. तोही थोडा वेळ चालायचा आणि मग गुळण्या टाकायला लागायचा. ते पाणी ठिबकला सोडलं असतं तर बागेचा एक कोपरा नक्की वाचला असता. पण वस्तीत प्यायला पाणी नव्हतं. एक दिवस पप्पांनी पाईप बागेकडून सोडवला आणि ओढत रस्त्याच्या बाजूला आणून टाकला. घरात कुणाला विचारलं नाही. आईने बघितलं, तीही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून लाईट येईल त्या वेळेला आमच्या दारात नंबर लागायला लागले. घागरी, हंडे, तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या. आमची वस्ती सगळ्यांची, ख्रिस्ती घरं मोजकीच. पप्पा हातात बॅटरी घेऊन उभे राहायचे, भांडण लागलं की मध्ये पडायचे, म्हाताऱ्या बायांचा हंडा स्वतः उचलून डोक्यावर द्यायचे.

आणि त्याच काळात पप्पांनी प्रार्थना करणं बंद केलं. जेवायच्या आधी तेच प्रार्थना करायचे, ती आई करायला लागली आणि ते ताटाकडे बघत बसायचे. रविवारी उपासनेला जाणं थांबलं. घरी प्रार्थना सभा ठेवली की ते उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसायचे. आईने एकदा विचारलं तर म्हणाले, "त्याला माझ्याशी बोलायचं नाही, मग मीच कशाला बोलू?" एवढंच. पुन्हा त्या विषयावर ते बोलले नाहीत.

माझे काका, म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ, चर्चमध्ये वजनदार माणूस. त्यांची शेती नाही, नोकरी आहे. एका रविवारी साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगायची, वेळ आली तेव्हा ते उभे राहिले. आधी नोकरीसाठी, घरच्यांच्या तब्येतीसाठी प्रभूचे आभार मानले, आणि मग म्हणाले, "माझ्या थोरल्या भावासाठी प्रार्थना करा. प्रभूने कसोटी पाहिली आणि त्याचा विश्वास ढळला." सगळ्या मंडळीसमोर. मी आईच्या शेजारी बसले होते. आईने पदर पुढे ओढला आणि गीतांचं पुस्तक इतकं घट्ट धरलं की तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली. लोकांनी माना हलवल्या, कुणी "आमेन" म्हणालं.

त्या दिवशी सकाळी काकांच्या घरचं पाणी आमच्याच बोअरवरून गेलं होतं. सोमवारीही गेलं. आईने त्यांचे हंडे इतरांसारखेच भरून दिले.

म्हणून विचारते, यात कुणाचं अंतरंग दिसलं? आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. काकांचं म्हणणं असं की पाणी वाटणं हा माणुसकीचा भाग झाला, विश्वास म्हणजे देवाजवळ टिकून राहणं. मला हे मान्य नाही. तहानलेल्याला पाणी दिलंत ते मला दिलंत, असं प्रभूने स्वतः सांगितलंय. न्यायाच्या दिवसाचं जे वर्णन बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात आहे त्यात साक्ष कुणी किती दिली हे कुठेच विचारलेलं नाही. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला, यांचं काय केलंत तेवढंच विचारलंय.

आणि बायबलमधल्या ईयोबाचं, म्हणजे मालमत्ता, लेकरं सगळं गमावलेल्या माणसाचं, उदाहरण देणारे पहिल्या अध्यायापाशीच थांबतात. परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं, त्याच्या नावाचा धन्यवाद असो. पुढे तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि तिथून पुढे देवाला जाब विचारत राहतो. त्याचे तीन मित्र येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. तोंड उघडल्यावर ते तेच म्हणतात जे तुमच्या मंडळीतले लोक म्हणतायत: तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देवाचा राग कुणावर होतो? त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं देव त्यांना सुनावतो, आणि ईयोबाकडून स्वतःसाठी प्रार्थना करवून घ्यायला लावतो. स्तोत्रांतही बघा. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, त्याला आशेची ओळ जोडायची गरज कुणाला वाटली नाही. तुमची बहीण आज जे बोलत नसेल ते तिथे आधीच लिहून ठेवलंय.

प्रेषित पौल रोमकरांस लिहिताना म्हणतो की संकटाने धीर येतो, धीराने शील घडतं आणि शीलाने आशा. म्हणजे शील संकटात तयार होतं, आणि त्याला वेळ लागतो. लेकरू अजून पूर्ण बरं झालेलं नसताना, आई रात्र रात्र जागत असताना, निकाल लावायची एवढी घाई कशाला?

यामागचं एक कारण मला कळतं, आणि ते आपल्यातच बोलायला हवं. मराठवाड्यात आपण मूठभर. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली तेव्हापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, आपल्याला ऐकवलं गेलं की तुम्ही दुष्काळात ज्वारीसाठी ख्रिस्ती झालात. माझ्या आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सगळ्या गावाबरोबर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खाल्ली, तरी त्यांना हा टोमणा चुकला नाही. त्यामुळे आपल्या लोकांना सतत वाटतं की संकटात आपण डगमगलो तर दुनिया म्हणेल, बघा, पोटापुरतेच होते. मग आपणच एकमेकांवर पहारा ठेवतो. काकांनी जे केलं त्याच्या मुळाशी ही भीती होती असं मला वाटतं. पण भीती समजली म्हणून ते बरोबर ठरत नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नवीन आलेले एक तरुण पाळक होते. ते घरी आले, पप्पांना "सलाम" केला आणि नंबराची गर्दी बघून सरळ पाईप हातात धरला. उन्हं वर येईपर्यंत बायांचे हंडे भरत राहिले. पप्पा त्यांच्याशी बाजारभावाबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले. जाताना पाळकसाहेबांनी प्रार्थना करू का असंही विचारलं नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. बोलणं नंतर झालं. पुढे पप्पा उपासनेला जायला लागले ते या माणसामुळे, असं माझं ठाम मत आहे. काकांच्या मते मंडळीच्या प्रार्थनेमुळे. पप्पांना विचारलं तर ते सांगत नाहीत. शेवटच्या बाकावर बसतात, साक्ष द्यायला कधीच उठले नाहीत.

आता दोन गोष्टी, नाहीतर अन्याय होईल. एक म्हणजे काका वाईट माणूस नाहीत. त्याच वर्षी माझ्या बहिणीची कॉलेजची फी त्यांनी भरली आणि आजवर कुणापुढे बोलून दाखवली नाही. माझ्या लेखी त्यांची खरी साक्ष ती. दुसरं, संकटात मोठ्याने स्तुती करणारे सगळे ढोंगी असतात असं मी म्हणत नाही. माझी आजी तशीच होती, आणि तिच्या तोंडचा प्रत्येक शब्द खरा होता. पण ती स्वतःच्या दुःखात गायची, दुसऱ्याच्या दुःखात जाऊन त्याला गायला लावायची नाही.

आणखी एक, हे मात्र मनावर घ्या. बहीण जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलत असेल, तर तिला डॉक्टरकडे न्या. मराठवाड्यात अशा गप्प माणसांना "विश्वासात थंड झालाय" म्हणून सोडून दिल्याने काय होतं ते आपण घरोघरी बघितलंय.

बाकी तुम्ही काय करायचं? डबा घेऊन जा. एक रात्र लेकराजवळ तुम्ही बसा, तिला झोपू द्या. दवाखान्याचं बिल किती राहिलंय ते तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारा. चर्चचा विषय तुम्ही काढू नका, तिने काढला तर ऐकून घ्या. आणि पुढच्या रविवारी कुणी तिचं नाव घेऊन तिच्या ढळलेल्या विश्वासासाठी प्रार्थना मागायला उभं राहिलं, तर तिथल्या तिथे उठून त्याला बसायला सांगा. आमच्या वेळी पहिल्या बाकावर चर्चचे पंच बसले होते, आमच्या बोअरचं पाणी पिणारी निम्मी मंडळी हजर होती, आणि एकजणही उठला नाही.