तुझ्या पुराच्या खोलीबद्दल

वडोदरा

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पुरावरच्या इन्स्टॉलेशनचा, म्हणजे प्रेक्षक आत शिरून अनुभवतात त्या कलाकृतीचा, आराखडा नीट पाहिला. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी तुमच्या घरात शिरलं होतं, म्हणून हा विषय तू घ्यावास हे मला फार बरोबर वाटतं. पण अंधारी खोली, भिंतींवर पुराचे व्हिडिओ आणि वरून रडण्याचे आवाज? ते आवाज आधी काढून टाक. प्रेक्षकाच्या वाट्याचं रडणं आपणच रडलो, तर त्याला करायला काय उरतं?

2016 च्या कोची बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, चिलीचे कवी राऊल झुरिता यांनी एका गोदामात पाणी भरलं होतं. लोक त्यातून चालत पलीकडच्या भिंतीवरच्या कवितेपर्यंत जायचे. ती होती गालिप कुर्दीसाठी. समुद्रात बुडून किनाऱ्यावर पडलेल्या ॲलन कुर्दी या चिमुकल्या सीरियन निर्वासिताचा फोटो जगानं पाहिला. त्याच्यासोबत बुडालेल्या या थोरल्या भावाचा तसा फोटोच नाही. पाण्यात चाल आपोआप मंदावते, पाऊल जपून टाकावं लागतं, आणि कविता वाचताना पाय ओलेच असतात. चित्रापेक्षा हे कितीतरी खोल जातं.

चित्र-शिल्पांपलीकडची अशीच इन्स्टॉलेशन्स करणाऱ्या कलाकार शिल्पा गुप्तांनी तुरुंगात गेलेल्या 100 कवींच्या ओळी कागदांवर छापून लोखंडी सळ्यांवर टोचल्या आणि वर मायक्रोफोन टांगले. ते मायक्रोफोन स्पीकरसारखे वापरलेत, त्यांतूनच कविता ऐकू येतात. तिथेही दुःखाचं पार्श्वसंगीत नाही.

तुझ्याकडे दोन अस्सल गोष्टी आहेत. एक, भिंतीवर राहिलेली पाण्याची रेघ. ती मोजून तेवढ्याच उंचीवर खोलीभर ओढ. आत येणारा प्रत्येक जण स्वतःला तिच्याशी मापेल. दुसरी, आजीचं लाकडी कपाट. फुगून दार घट्ट बसलंय, ते दुरुस्त करू नकोस. लोकांना ओढू दे. आत काय होतं, हे कुठेही लिहू नकोस.

एक मात्र कटाक्षानं पाळ. पूर भोगलेली माणसंही येतील. आत काय आहे हे दाराशीच स्पष्ट लिही, बाहेरची वाट उजेडात ठेव, आणि पाणी ठेवणार असशील तर वायरिंग जाणकाराकडून तपासून घे. लोकांचं मन हेलावायचं म्हणून त्यांना कोंडायचा हक्क आपल्याला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी कपाटाजवळ उभी राहू नकोस. लोक दार किती वेळ ओढतात ते लांबून बघ. नुसतं पाहून पुढे जात असतील, तर कपाट सरळ वाटेत आणून ठेव.

तुझा,
काका