पोलिसांविरुद्ध फिर्याद: सहा महिने उलटायच्या आत कोर्टात जा

तुमच्या पत्रात भावाला कोणी मारलं, कशानं मारलं, काय बोलून मारलं हे सविस्तर आहे. तारीख मात्र शेवटच्या ओळीत, तीही 'साधारण पाच महिन्यांपूर्वी' अशी. वकील म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटते.

गावात चोरी झाली, पोलिसांची गाडी पारधी वस्तीवर आली, तुमच्या भावाला उचललं. तीन दिवस ठाण्यात ठेवलं, अटक दाखवली नाही, कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन सोडलं. चोर नंतर दुसरेच निघाले. बीड, सोलापूर, अहिल्यानगर भागातून अशी पत्रं मला सतत येतात आणि बहुतेकांत हाच उशीर असतो. हे बेकायदा आहे का, असं तुम्ही विचारता. चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर उभं न करणं बेकायदा आहे, कबुलीसाठी मारणं हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. त्यावर जास्त लिहीत नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 161 आजच वाचून घ्या. पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दल खटला किंवा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल झाला नाही, तर कोर्ट तो ऐकत नाही. फौजदारी प्रकरणाला मुदत नसते किंवा निदान तीन वर्षं तरी मिळतात, असं लोक धरून चालतात. पोलिसाविरुद्ध तसं धरू नका. सहा महिने उलटले की राज्य सरकारची पूर्वपरवानगी घेऊन दोन वर्षांपर्यंत खटला भरता येतो, पण ज्यांच्या पोलिसांविरुद्ध तक्रार त्यांच्याकडेच परवानगी मागायची, आणि तीही वेळेत मिळवायची.

तुम्ही हे पाच महिने काय केलं? एसपी ऑफिसला दोन अर्ज दिले, मानवी हक्क आयोगाला एक पाठवला आणि 'चौकशी चालू आहे' या उत्तरावर थांबलात. मला याचा राग येतो. तो तुमच्यावर थोडा आहे. अर्ज हातात घेऊन माणसाला मुदत संपेपर्यंत झुलवत ठेवणाऱ्यांवर जास्त. यातल्या एकाही अर्जाने कलम 161 ची मुदत थांबत नाही. आयोगाकडे वर्षभरात जाता येतं, पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. ते सगळं चालू द्या, पण त्यावर विसंबू नका. ठाण्यात एफआयआर नोंदवून घेतला तरी निर्धास्त होऊ नका, कारण एफआयआर म्हणजे खटला दाखल होणं नव्हे. कोर्टात खासगी फिर्याद, म्हणजे पोलिसांमार्फत न जाता थेट न्यायाधीशांकडे केलेली तक्रार, दाखल करा, आणि पोलीस तपासाचे आदेश द्यावेत ही मागणी तिच्यातच पर्याय म्हणून घाला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे (फौजदारी कामकाजाचा नवा कायदा) लोकसेवकाचं म्हणणं आणि वरिष्ठांचा अहवाल मागवला जाईल, त्यात महिने जातील. ते जाऊ देत. फिर्यादीवर कोर्टाचा शिक्का मुदतीतला हवा.

कोणी म्हणेल, मारहाण हे पोलिसाचं कर्तव्यच नाही, मग 161 लागू कसं होईल? मुद्दा बरोबर आहे. आत्माराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच म्हटलं: संशयितांना मारण्याचा आणि अटकेशिवाय डांबण्याचा अधिकार कायदा देत नाही, म्हणून त्या कृत्यांना या कलमाचं संरक्षण नाही. पण त्याआधी विरूपाक्षप्पा प्रकरणात त्याच न्यायालयाने खोटा पंचनामा कर्तव्याच्या आडोशाने केलेलं कृत्य मानला आणि मुदत लागू केली. तुमच्या भावाच्या सह्या असलेल्या कोऱ्या कागदांवर आज काय लिहिलेलं असेल, याचा विचार करा. मारहाणीचा आरोप कदाचित टिकेल आणि खोट्या कागदांचा मुदतीत अडकेल. शिवाय हा वाद प्रत्येक कोर्टात नव्याने घालावा लागतो, त्यात भावाची उमेदीची वर्षं जातील. मुदतीत गेलात तर हा वाद उपस्थितच होत नाही.

अॅट्रॉसिटीबद्दल, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविरुद्धच्या कायद्याबद्दल, ठामपणे सांगत नाही. भावाच्या दाखल्यावर फासे पारधी, अनुसूचित जमाती असं असेल तर तो कायदा लागू शकतो, फिर्याद थेट विशेष न्यायालयात नेता येते. दाखला विमुक्त जातींचा असेल तर नाही. दाखलाच नसेल तर त्याची वाट पाहत फिर्याद अडवून ठेवू नका. जातीवरून शिवी ठाण्याच्या चार भिंतींत दिली की 'लोकांच्या नजरेसमोर' ही अट आडवी येते. वस्तीवर सगळ्यांदेखत काय बोललं गेलं आणि ते कोणी ऐकलं, ते लिहून काढा.

दवाखान्यात नेलं नाहीत, ही मोठी चूक झाली. आता आधार कॅमेऱ्यांचा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला आणि चित्रण 18 महिने, किमान एक वर्ष, जपायला सांगितलं. कॅमेरा बंद होता असं उत्तर येऊ शकतं. तेही लेखीच घ्या. चित्रण आणि स्टेशन डायरी (ठाण्यातल्या रोजच्या घडामोडींची नोंदवही) जपून ठेवण्याचा अर्ज ठाण्याला व एसपींना द्या, पोच घ्या, आणि हीच मागणी फिर्यादीत करा. भावाचा मोबाईल त्या तीन दिवसांत कुठे होता, हे कंपनीकडून कोर्टामार्फत मागवता येतं.

1871 च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 मध्ये गेला, या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या गेल्या, पण चोरी झाली की गाडी अजून आधी वस्तीवरच येते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना स्पष्ट बजावलं. हा निकाल फिर्यादीला जोडा. भरपाईसाठी उच्च न्यायालयात रिटचा, म्हणजे मूलभूत हक्क मोडल्याबद्दलच्या याचिकेचा, मार्गही आहे; तुमच्या पुराव्यावर तो कितपत चालेल, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणता. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. पण तिथेही नेमणुकीला आठवडे जातात, म्हणून अर्जावर ठळक लिहा: 'कलम 161 ची मुदत अमुक तारखेला संपते.' ती तारीख भावाला उचलल्याच्या दिवसापासून मोजा, सोडल्याच्या नव्हे.