कॉलेजचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

पंढरपूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. वय 49, साखर कारखान्यात नोकरी, सगळं धरून वर्षाचं उत्पन्न साडेसात लाख, पत्नी घरीच असते, राहतं घर स्वतःचं आणि 3 लाखांची एफडी. मुलीला सीईटीच्या कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) मिळतंय. दुसरीकडे पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठात एआय-डेटा सायन्सला थेट ॲडमिशन मिळतंय, फी आणि होस्टेल मिळून वर्षाला 5 लाख. प्रश्न असा की पुण्यासाठी घर तारण ठेवून 20 लाखांचं कर्ज काढावं का. आणि पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की बँकेतल्या साहेबांनी "ही पॉलिसी घ्या, लोन लवकर पास होईल, मुलीच्या शिक्षणाला पण कामी येईल" म्हणून 1 लाख 20 हजार वार्षिक हप्त्याची पॉलिसी दिली, 10 वर्षं भरायची, 12 वर्षांनी साडेसतरा लाख मिळणार, कागद घरी येऊन 20 दिवस झाले.

दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे. पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. तुमचे 10 दिवस उरलेत. थोडी किरकोळ कपात होऊन भरलेला हप्ता परत मिळतो. 10 दिवसांनंतर सोडायला गेलात तर मोठा तोटा सोसावा लागेल.

आता ही पॉलिसी आहे काय ते बघा. 12 लाख भरायचे आणि साडेसतरा लाख घ्यायचे, ऐकायला बरं वाटतं, पण हिशोब केला की वर्षाला जेमतेम 5 टक्के पडतात. हेच पैसे तेवढीच वर्षं 7.1 टक्क्यांनी, म्हणजे पीपीएफच्या दराने वाढले असते तर साडेवीस लाखांच्या आसपास झाले असते. (पीपीएफ 15 वर्षांचं असतं, मी फक्त तुलना करून दाखवतोय.) आणि "मुलीच्या शिक्षणाला" म्हणता, मुलगी आज 18 ची आहे, पॉलिसीचे पैसे येतील तेव्हा ती 30 ची असेल! तोपर्यंत तिचं शिक्षण संपून नोकरीला लागून आठ वर्षं झाली असतील. अशी पॉलिसी शिक्षणाच्या नावाखाली बापाच्या गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण मुलांचं नाव काढलं की आईवडील प्रश्न विचारत नाहीत हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आणि लोनसाठी पॉलिसी घ्यावीच लागते असा कुठलाही नियम नाही, उलट अशी सक्ती करायला बँकांना मनाई आहे. त्यामुळे परत त्या साहेबांकडे जाऊ नका, ते "बघतो, बोलतो" करत 10 दिवस घालवतील. थेट विमा कंपनीच्या शाखेत जा, फ्री लूकमध्ये रद्द करा असा अर्ज द्या, मूळ कागद जोडा, पोच शिक्का मारून घ्या आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेलही करा. टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, पुण्यात विमा लोकपालांचं ऑफिस आहे.

आता कॉलेज. 20 लाख कर्ज दरवर्षी 5-5 असं उचललं, व्याज 10 टक्के धरलं, तर कोर्सची 4 वर्षं आणि पुढचं 1 वर्ष संपेपर्यंत साधं व्याजच 7 लाख होतं. म्हणजे 27 लाख. ते 10 वर्षांत फेडायचे तर महिना साधारण साडेपस्तीस हजार. हप्ता सुरू होईल तेव्हा तुम्ही 54 चे, संपेल तेव्हा 64 चे, आणि तुमचं रिटायरमेंट 58 ला. तुम्ही लिहिलंय मुलगी फेडेल, तिथे 44 लाखांचं पॅकेज लागलंय. ते किती जणांना लागलं? पगाराप्रमाणे रांग लावली तर बरोबर मधल्या मुलाला किती मिळालं ते लेखी मागा, हायेस्टचा आकडा बोर्डावर लावायला असतो. मोठ्या आयटी कंपन्यांची फ्रेशर्सची भरती कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच सुरू होते, त्यात हातात येतात 25 हजार आणि हप्ता आहे साडेपस्तीसचा.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. तुम्ही ओबीसी लिहिलंय आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे. 2024-25 पासून राज्य सरकारने अशा मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ केलंय, पण कॅपमधून घेतलेल्या प्रवेशालाच. खाजगी विद्यापीठ, मॅनेजमेंट कोटा, संस्थास्तरावरचा प्रवेश यांना ते मिळत नाही. म्हणजे पुणे घेतलं की तुम्ही ही माफी स्वतःहून सोडताय. कराडला होस्टेल, मेस, पुस्तकं, येणंजाणं धरून वर्षाला 90 हजार लागतील असं समजा, चार वर्षांचे 3 लाख 60 हजार. तुमच्या पॉलिसीचा एका वर्षाचा हप्ता 1 लाख 20 हजार आहे, तो वाचला की त्यातच मुलीचं वर्ष निघतं आणि 30 हजार उरतात, त्या 30 हजारांच्या आत तुम्हाला 50 लाखांचा टर्म इन्शुरन्स (तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना पैसे देणारा साधा विमा) मिळायला हवा, जो आज तुमच्याकडे नाहीच. कर्ज नको, घर तारण नको, एफडीला हात नको.

ईएनटीसीची काळजी करू नका, सॉफ्टवेअरच्या बऱ्याच कंपन्या कॅम्पसला त्या मुलांनाही बसू देतात, कोडिंग मात्र पहिल्या वर्षापासून शिकायला सांगा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेअर तयार ठेवा, फीमाफीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज दरवर्षी भरावा लागतो, आणि कॅपची सीट ॲक्सेप्ट करायची तारीख काही झालं तरी चुकवू नका.

"मुलगी म्हणते कराड चालेल, मलाच वाटतं तिला पुण्यात शिकवावं", असं तुम्ही लिहिलंय. तिचं ऐका. आणि उद्या सकाळी पॉलिसीचे कागद घेऊन निघा.