‘सामर्थ्याच्या बळाने’ ही द्विरुक्ती आहे का?

प्रश्न असा आला आहे: ख्रिस्ती मंडळीच्या युवक शिबिरासाठी फलक करायचा आहे. त्यावर बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं वचन हवं आहे, ‘प्रभूमध्ये व त्याच्या सामर्थ्याच्या बळाने बलवान होत जा’ (अध्याय ६, ओवी १०). फलक रंगवणाऱ्या मित्राचं म्हणणं, सामर्थ्य म्हणजेच बळ, आणि बलवान तर त्यातूनच आला. एका ओळीत तीनदा तेच कशाला? ‘प्रभूच्या शक्तीने बलवान व्हा’ एवढं पुरे, जागाही वाचेल.

जागा वाचेल, पण वचनातली खुबी जाईल. मित्राचा कान चांगला आहे. ओळ जड आहे खरी. तरी ती द्विरुक्ती नाही.

बोलताना आपण हे दोन शब्द कसे वापरतो ते पाहा. सामर्थ्य ज्याचं त्याच्यापाशी असतं. समर्थ असणं हा त्या माणसाचा गुण. बळ मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातं. बळ देतात, बळ मिळतं, मागे उभं राहिलं की त्याचं पाठबळ होतं. ‘कोणाच्या बळावर एवढ्या उड्या मारतोस?’ असं आपण विचारतो, तेव्हा बळ दुसऱ्या कोणाचं तरी आहे हे धरूनच चालतो. ‘कोणाच्या सामर्थ्यावर उड्या मारतोस?’ म्हणून कोणी भांडल्याचं मी ऐकलेलं नाही. मामाच्या बळावर भाचा गावभर मिरवतो, मामाचं सामर्थ्य मामाकडेच राहतं.

ही काही नवी छटा नव्हे. ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ या तुकोबांच्या अभंगात शेवटी येतं ते ‘तुझ्या नामाचिया बळें’. ‘बळें’ ही जुनी तृतीया. लढणारा एक, बळ दुसऱ्याचं. ‘सामर्थ्याच्या बळाने’ याची घडणही तीच आहे. सामर्थ्य देवाचं आणि देवापाशीच. त्याचं जे आपल्या हाताशी येतं ते बळ.

सीमारेषा इतकी काटेकोर नाही, हेही सांगून टाकतो. बायबलमधल्याच फिलिप्पैकरांस पत्रात ‘मला जो सामर्थ्य देतो’ असं आहेच (४:१३), आणि प्रार्थनेत लोक ‘सामर्थ्य दे’ म्हणतातच. पण दोन्ही शब्द शेजारी आले की फरक उठून दिसतो.

मूळ ग्रीकमध्येही तीन वेगळे शब्द आहेत. ‘बलवान होत जा’साठी आलेल्या क्रियापदात ‘दुनामिस’ म्हणजे शक्ती आहे, ‘बळा’च्या जागी ‘क्रातोस’ आणि ‘सामर्थ्या’च्या जागी ‘इस्खुस’. ढोबळमानाने इस्खुस म्हणजे अंगी असलेली ताकद, क्रातोस म्हणजे ती ताकद चालवणं, गाजवणं. हीच जोडी त्याच पत्रात आधी, पहिल्या अध्यायाच्या एकोणिसाव्या ओवीत येते, आणि लगेच पुढे विषय ख्रिस्ताला मेलेल्यांतून उठवण्याचा. म्हणजे सहाव्या अध्यायात युद्धाची भाषा सुरू होते तेव्हा हे सामर्थ्य कोणाचं आणि केवढं, ते वाचणाऱ्याला आधीच सांगून झालेलं आहे.

मित्राच्या ‘व्हा’मुळे आणखी एक नुकसान होतं. ग्रीक आज्ञार्थ एकदाच उरकायच्या कामाचा नाही, चालू राहणाऱ्या क्रियेचा आहे. शिवाय त्याचा अर्थ कर्मणी घेतात, बळकट ‘केले’ जा. मराठीत ‘केले जा’ म्हटलं तर वाक्याचा विचका होईल. भाषांतरकाराने ‘होत जा’ लिहून सातत्य राखलं आणि करणारा कोण ते ‘प्रभूमध्ये’वर सोपवलं. मला हे फार आवडतं. ‘येत जा’, ‘जेवत जा’ यांतला हा ‘जा’ आज्ञेपेक्षा घरच्यांनी आठवण करावी तसा लागतो.

आता फलकाला न लागणारी, पण त्याच उताऱ्यातली गंमत. पुढच्या ओव्यांत ‘सैतानाचे डावपेच’ आहेत आणि ‘आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नव्हे’ असं आहे. ‘झगडणे’ जिथे आलंय तिथे मूळ शब्द ‘पाले’, म्हणजे चक्क कुस्ती. मराठीत कुस्ती थेट आली नाही, पण ‘डाव’ आणि ‘पेच’ दोन्ही तालमीतलेच. ठरवून की सहज, कोण जाणे, पण आखाड्याची माती मराठीतही लागली. मग दोन ओव्यांत पैलवानाचा शिपाई होतो आणि सत्याने कंबर कसण्यापासून आत्म्याच्या तलवारीपर्यंत सगळा जामानिमा येतो.

त्याला मराठी बायबल ‘देवाची शस्त्रसामग्री’ म्हणतं. मूळ ‘पानोप्लिया’, म्हणजे शिपायाचा आख्खा साज, तेव्हा ‘चिलखत’ अपुरं पडलं असतं. पण ‘शस्त्रसामग्री’ ऐकून दारूगोळ्याचं कोठार डोळ्यांपुढे येतं, आणि यादीतल्या सहा वस्तूंत वार करायची एकच, तलवार. बाकी सगळं टिकून राहण्यासाठी. ढालीसाठीचा ग्रीक शब्द ‘थुरेओस’ हा दार या अर्थाच्या ‘थुरा’वरून आलेला. आपल्या डोळ्यांसमोरची मावळ्याची गोल ढाल बाजूला ठेवा. ही दारासारखी लांबट, शिपाई तिच्याआड जवळजवळ झाकला जायचा.

‘देवाची’ या षष्ठीतही दोन अर्थ आहेत: देवाने दिलेली, आणि देवाच्या स्वतःच्या अंगावरची. दुसरा अर्थ ओढूनताणून काढलेला नाही. यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात, एकोणसाठाव्या अध्यायात, यादीतलंच उरस्त्राण (छातीचं कवच) आणि शिरस्त्राण खुद्द परमेश्वर घालतो. दुसऱ्याचं चिलखत घालण्याची बायबलमधली आधीची गोष्ट मात्र फसलेली आहे. धिप्पाड योद्धा गल्याथाशी लढायला निघालेल्या दाविदाला शौल राजाने आपला साज चढवला. पोराला त्यात धड चालता येईना, त्याने तो उतरवला आणि ओढ्यातले पाच गोटे घेऊन गेला. उसना साज राजाचा असला तर अडचण, देवाचा असला तर चालतो, असं या दोन जागा शेजारी ठेवून वाचताना वाटतं. हा माझा अर्थ, कोणावर लादत नाही.

आणि ज्या शब्दासाठी हे सगळं लिहायला बसलो तो ‘त्राण’. उरस्त्राण, शिरस्त्राण, पादत्राण यांतलं त्राण संस्कृतातलं, म्हणजे रक्षण. मराठीत मात्र सुटं ‘त्राण’ आपण ताकद या अर्थाने वापरतो, तेही बहुधा ती संपली की: ‘अंगात त्राण उरलं नाही.’ संस्कृतात जे बाहेरून राखतं, ते मराठीत आतून उभं करतं. इफिसकरांच्या या उताऱ्यात दोन्ही अर्थ लागू पडतात, आणि हे मूळ ग्रीकमध्ये नाही. ही आपल्या भाषेची वरकमाई.

आमच्या शेजारच्या मावशी ख्रिस्ती. मागे त्यांचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा भेटायला गेलो होतो. उशाशी चष्मा आणि कव्हर निघालेलं बायबल. ‘अंगात त्राण नाही रे, तूच वाच,’ म्हणाल्या आणि हाच अध्याय काढून दिला. मी उरस्त्राण, शिरस्त्राण वाचत होतो आणि मावशी डोळे मिटून, ओठ हलवत, माझ्या एक शब्द पुढे.

फलकाचं म्हणाल तर अक्षर थोडं लहान काढा, ओळ पूर्ण बसेल.