गाडी विकली, आरसीवर नाव मात्र तुमचेच

पुण्यातल्या एका वाचकांनी ऑक्टोबरात आपली २०१६ची ऑडी टीटी मडगावच्या एका तरुणाला विकली. पैसे बँकेतून आले. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीपुढे करार झाला. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ते मूळ आरसीसकट खरेदीदाराच्या हवाली केले. मार्चमध्ये कणकवलीजवळ त्या गाडीने एका दुचाकीस्वाराला उडवले, त्याचा पाय मोडला. आता ओरोसच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली आहे आणि तिच्यात पहिले सामनेवाले आमचे वाचक आहेत. खरेदीदार म्हणतो, गोव्यातल्या एजंटाने गाडीचा रंग आणि सायलेन्सर पाहूनच हात वर केले, म्हणून नावावर करणे राहून गेले. वाचकांचे प्रश्न दोन. 'आजपासून सर्व जबाबदारी खरेदीदाराची' असे करारात स्पष्ट लिहिले असताना नोटीस मला कशी? आणि दुसरी किल्ली माझ्याकडेच आहे, गाडी उचलून आणू का?

अशी पत्रे सतत येतात. गाडी वेगळी, गाव वेगळे, चूक तीच. म्हणून इकडचे तिकडचे बाजूला ठेवून मुद्द्यावर येतो.

अपघाताच्या दिवशी आरटीओच्या दप्तरी मालक म्हणून कोणाचे नाव होते, एवढ्या एका गोष्टीवर तुमचे प्रकरण उभे आहे. नाव तुमचे होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या निकालात हे अगदी पक्के करून टाकले. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हात बदलत गेली होती, दप्तरी नाव मात्र पहिल्याचेच राहिले होते. भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावरच आली. गाडी कोणी कोणाला विकली याचा माग जखमी माणसाने किंवा मृताच्या वारसांनी काढत बसावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. मला विचाराल तर हा निकाल योग्यच आहे. पाय मोडून पडलेल्या माणसाला तुमच्या करारनाम्याशी काय देणेघेणे?

मग करारातल्या तुमच्या त्या कलमाला किंमत नाही का? आहे, पण फक्त तुमच्यात आणि खरेदीदारात. तुम्हाला जे भरावे लागेल ते त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क ते कलम देते. जखमीला ते लागू होत नाही, कारण त्याने त्यावर सही केलेली नाही. खरेदी-विक्रीच्या कायद्याप्रमाणे पैसे आणि ताबा दिल्यावर गाडी त्या तरुणाची झाली. मोटार वाहन कायद्याप्रमाणे ती अजून तुमची आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणूनच दुसरी किल्ली वापरून गाडी उचलू नका. त्याची वस्तू त्याच्या संमतीविना नेली म्हणून तुमच्यावर चोरीची फिर्याद होऊ शकते, आणि मग तुम्ही दोन न्यायालयांच्या पायऱ्या चढाल. किल्ली पोचपावतीसह त्याला पाठवून द्या.

चूक नेमकी कुठे झाली ते नीट पाहा, कारण पुढची गाडी विकताना हेच उपयोगी पडेल. फॉर्म ३० हा खरेदीदाराचा अर्ज आहे. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने आरटीओला द्यायची सूचना आहे. ती तुमची ढाल आहे, आणि तुम्ही ती सही करून, बहुधा तारखेचा रकाना कोरा ठेवून, समोरच्याच्या हाती दिलीत. त्याने ती डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली, एवढेच झाले. फॉर्म २९ दोन प्रतींत भरायचा असतो आणि नोंद झाल्यावर शेरा मारलेली दुसरी प्रत विकणाऱ्याला परत मिळायची असते, असे त्या फॉर्मच्या माथ्यावरच छापलेले आहे. सही करणाऱ्यांपैकी किती जण ते वाचतात? शिवाय तारीख कोरी असेल तर उद्या तो अपघातानंतरची तारीख घालून मोकळा होईल. करार ऑक्टोबरचा आणि फॉर्म एप्रिलचा असा घोळ झाला, तर तुमची उलटतपासणी तिथूनच सुरू होते.

मुदतीही सांगून ठेवतो. गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे. परराज्यात विकली तर ४५ दिवसांत ना हरकत प्रमाणपत्र पुढच्या आरटीओकडे पाठवायचे. खरेदीदाराला ३० दिवस. तुमची गाडी एमएच १२ची, खरेदीदार गोव्याचा. म्हणजे फॉर्म २८ भरून पुणे आरटीओकडून ना हरकत घेणे ही पहिली पायरी होती, आणि ती तुमच्याशिवाय कोणी चढू शकत नव्हते. अर्ज नोंदणीकृत मालकाच्या नावाने होतो, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. 'तो करून घेईल' असे तुम्ही लिहिले आहे. तो करूच शकत नव्हता.

आता पैशाचा प्रश्न. तुमच्या पत्रात तीन पाने गाडीच्या देखभालीवर आहेत, पण एक तारीख नाही: अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का? चालू असेल तर फार घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकल्यावर विम्याचे प्रमाणपत्र आपोआप नव्या मालकाच्या नावे गेले असे धरले जाते. पॉलिसीवर नाव बदलले नाही, एवढ्या कारणावरून कंपनीला तिऱ्हाइताची (इथे जखमीची) भरपाई टाळता येत नाही, 'जी. गोविंदन' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हेच सांगितले. विमा मधल्या काळात संपला असेल आणि खरेदीदाराने नवा काढला नसेल, तर मात्र सगळी रक्कम तुमच्या अंगावर येऊ शकते, शिवाय व्याज. दावे वर्षानुवर्षे लांबतात आणि व्याज सहसा दावा दाखल झाल्याच्या तारखेपासून मोजतात, बहुधा सहा ते नऊ टक्क्यांनी. तारखांवर तारखा पडल्या म्हणून तुमचा फायदा होत नाही. विमा असेल तर लोकअदालतीत कंपनी तडजोड करते का, हे तुमच्या वकिलांना पहिल्या दोन तारखांतच विचारायला सांगा.

कंपनी दोन गोष्टी काढेल. एक, गाडी चालवणाऱ्याचा परवाना. तो वैध नसेल तर कंपनीने आधी जखमीला द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे, असा आदेश होऊ शकतो, आणि मालक म्हणजे पुन्हा तुम्ही. परवान्याची प्रत आजच मागवा. दुसरी गोष्ट गाडीतले बदल. स्टेज वन रिमॅप (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकात केलेला बदल), धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर नसलेला डाउनपाइप (इंजिनाजवळचा धुराचा पाइप), कॉइलओव्हर (गाडी खाली घेता येणारे सस्पेन्शन), राखाडी व्हिनाइल रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म). हे तुम्ही विमा घेताना कळवले नव्हते असे दिसते. महत्त्वाची माहिती लपवली म्हणून पॉलिसीच रद्दबातल, असा पवित्रा कंपनी घेऊ शकते. तो टिकेलच असे नाही. अटीचा भंग विमाधारकाच्या दोषाने झाला आणि त्याचा अपघाताशी संबंध आहे, हे कंपनीने सिद्ध करायचे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 'स्वरणसिंग' निकालाचा (२००४) रोख तोच आहे. सायलेन्सरच्या आवाजाने कोणाचा पाय मोडत नाही. कॉइलओव्हरने गाडी खाली घेतली होती आणि ब्रेक लावताना ती हलली, असे मोटार वाहन निरीक्षकाच्या अहवालात आले तर मात्र गोष्ट वेगळी. तो अहवाल अजून तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून त्यापुढे मी ठामपणे बोलत नाही. खरेदीदाराला स्वतःच्या गाडीची दुरुस्ती विम्यातून हवी असेल, तर ते अवघड आहे: कलम १५७ चा फायदा फक्त तिऱ्हाइतासाठी असतो. त्यात तुम्ही पडू नका.

या बदलांबाबत कलम ५२ म्हणते, आरसीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकच लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले: प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रिमॅप आणि कॉइलओव्हर यांत बसतात का, यावर वाद घालता येईल. रंगावर वाद नाही: आरसीवर पांढरा आणि समोर राखाडी, निरीक्षक परतच पाठवणार. कॅटलिटिक कन्व्हर्टर (कॅट) काढलेल्या गाडीचे तसेच. बीएस ४ पेट्रोल मोटारीला पीयूसीत आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, कॅटशिवाय ती गाठणे कठीण.

म्हणजे त्या एजंटाने खोटे सांगितले नाही. आणि इथेच तुमच्या हातात एक चांगली गोष्ट आहे, जी तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात: मूळ डाउनपाइप आणि स्प्रिंग तुमच्या सोसायटीच्या स्टोअरमध्ये पडून आहेत. हस्तांतर अडले आहे ते त्या सामानावाचून. ते खरेदीदाराला द्या, पण निरीक्षकाचा अहवाल आणि विम्याचा सर्व्हे पुरा झाल्याची खात्री झाल्यावरच. त्याआधी गाडीचा एक बोल्टही बदलला तर पुराव्याशी छेडछाड केल्याचा आरोप येईल. पार्ट नंबर लिहून, फोटो काढून, त्याची सही घेऊन द्या. डाउनपाइपबरोबर नवे गॅस्केट लागेल. तुमच्या गाडीसारख्या क्वाट्रोत (चारही चाकांना ताकद देणाऱ्या मॉडेलात) खालची जागा अडचणीची असल्याने लिफ्ट असलेले गॅरेजच बघायला सांगा. नुसता पाइप बदलून भागणार नाही: रिमॅपमध्ये मागचा ऑक्सिजन सेन्सर बंद केलेला असतो, म्हणून ईसीयूची (इंजिनाच्या संगणकाची) मूळ फाइल परत टाकायला हवी. ती तुमच्या ट्यूनरकडे असेल, ती मागवा. रॅप हीट गनने हळूहळू गरम करून सोलायचा. घाईने ओढला तर रंग निघतो आणि नवे भांडण उभे राहते.

हे झाल्यावर वाहन पोर्टलवर ना हरकतीचा अर्ज करा. ई-चलन थकलेली असतील तर आधी भरा, पावत्या जपून ठेवा, वसुलीच्या हिशेबात धरा. चॅसिस नंबरची पेन्सिल प्रिंट लागेल, तेव्हा ती खरेदीदाराकडून घ्या. पोलिसांनी गाडी सोडल्याचा कागदही जोडा, कारण गुन्हा प्रलंबित असताना आरटीओ हे विचारतेच. कर्ज होते आणि फिटले असेल, तर फॉर्म ३५ ने बोजा उतरवला होता का तेही पाहा. एका गोष्टीचा मोह टाळा: गाडी काळ्या यादीत टाका असा अर्ज आरटीओला देऊ नका. तसे झाले तर हस्तांतरही थांबते आणि नाव तुमचेच राहते. त्याऐवजी विक्रीची तारीख, खरेदीदाराचे नाव-पत्ता आणि कराराची प्रत जोडून पुणे आरटीओला, विमा कंपनीला आणि कणकवली पोलिसांना पोचपावतीसह पत्र पाठवा. झालेला अपघात त्याने पुसला जाणार नाही. पुढचा एखादा झाला तर हे पत्र कामी येईल. चालक कोण होता असे पोलिसांनी विचारले तर कलम १३३ प्रमाणे सांगणे तुमच्यावर बंधनकारक आहे, तिथे आढेवेढे नकोत. अपघाताचा फौजदारी गुन्हा चालकावर असतो, तुमच्यावर नाही.

फास्टॅग अजून तुमच्या खात्याशी जोडलेला असेल तर बंद करा, पण आधी त्याचे स्टेटमेंट काढून ठेवा. ऑक्टोबरनंतर कोणत्या टोलवर गाडी गेली हे त्यात दिसते, आणि ताबा कोणाकडे होता याचा तो चांगला पुरावा आहे.

ओरोसची तारीख चुकवू नका. न गेल्यास दावा एकतर्फी चालेल. वकीलपत्र दाखल करा आणि लेखी कैफियतीत तीन गोष्टी आणा: विक्री आणि ताबा कोणत्या तारखेला झाला, अपघाताच्या दिवशीची पॉलिसी, आणि गाडी कोणाच्या नियंत्रणात होती. पाठोपाठ खरेदीदाराला सामनेवाले म्हणून जोडण्याचा अर्ज द्या. तो प्रकरणात असला की न्यायाधिकरण निदान त्याला तुमच्याबरोबर जबाबदार धरू शकते, नसला तर तुम्ही एकटेच उरता. बदलांविषयी तुम्ही त्याला व्हॉट्सॲपवर सगळे सांगितले होते असे म्हणता. ती संभाषणे पुसू नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे) प्रमाणपत्र जोडल्याशिवाय ती पुराव्यात येणार नाहीत. फसवणूक केली म्हणून पैसे परत द्या, असे खरेदीदार उद्या म्हणाला, तर त्याला उत्तर तिथेच आहे.

खरेदीदाराला वकिलामार्फत नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या. करारातले ते जबाबदारीचे कलम शब्दशः उद्धृत करा, नावावर करून घ्यायला १५ दिवस द्या, आणि न्यायाधिकरण जी रक्कम तुमच्यावर बसवेल ती खर्चासह त्याच्याकडून वसूल केली जाईल असे लिहा. रक्कम भरावी लागली तर भरल्याच्या तारखेपासून तीन वर्षांत वसुलीचा दावा लावायचा असतो, त्यामुळे भरल्याच्या पावत्या आणि तो मूळ स्टॅम्प पेपर एकाच फाइलमध्ये ठेवा.